वहीत कबूल केलंत, तिला कधी सांगणार?

ताई,
मी ऑफिसात एक छोटी टीम सांभाळते. काही महिन्यांपूर्वी एका रिपोर्टमध्ये माझ्या हातून आकडे चुकले. साहेबांना वाटलं, चूक माझ्या हाताखालच्या मुलीची आहे. भर मीटिंगमध्ये तिला बोलणी बसली आणि मी गप्प राहिले. तेव्हापासून रोज रात्री वही लिहिते, स्वतःशी खरं बोलते. घरातून निघण्याआधीच ‘निघाले’ सांगणं, ‘मेल पाहिलाच नाही’ म्हणणं, असल्या थापा बंद केल्यात. आता ती गोष्ट पूर्वीसारखी टोचत नाही. तीही विसरली असावी. मी बदललेय, मग जुनं उकरून काढायलाच हवं का? सोबत वहीतली दोन पानं पाठवतेय.
- एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

हो, सांगायलाच हवं.

तुमची पानं मी दोनदा वाचली. मनापासून लिहिली आहेत, यात शंका नाही. ‘मी इतकी भित्री कशी’, ‘मला माझीच चीड आली’, ‘आज खूप हलकं वाटलं’. पण दोन्ही पानांवर तुम्हीच आहात. ती मुलगी एकाच ओळीत येते: ‘ती आज कुणाशी फारसं बोलली नाही.’ बस्स. त्या मीटिंगनंतर तिच्याकडचं कोणतं काम काढून घेतलं? तिचे आकडे आता दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतले जातात का? ती चूक तिच्या अप्रेझलमध्ये गेली का? टीम तुम्ही सांभाळता, म्हणजे हे तुम्हाला ठाऊक आहे किंवा एका दिवसात कळू शकतं. आज रात्री वही उघडलीत तर फक्त या प्रश्नांची उत्तरं लिहा. स्वतःबद्दल एक अक्षरही नको.

हे मी तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. जून टँगनी या मानसशास्त्रज्ञांनी अपराधभाव आणि शरम यांतला फरक वर्षानुवर्षं अभ्यासला आहे. ‘मी वाईट काम केलं’ असं वाटणारा माणूस झालेलं नुकसान भरून काढायला धडपडतो. ‘मीच वाईट आहे’ असं वाटणारा मात्र बहुतेकदा तोंड लपवतो, स्वतःभोवतीच फिरत राहतो. तुमची वही दुसऱ्या वाटेने चालली आहे. रोज स्वतःला दोष द्यायचा, थोडं रडायचं, हलकं व्हायचं आणि सकाळी त्याच मुलीसमोर जाऊन बसायचं. तिला यातलं काय मिळालं?

आता टोचत नाही, म्हणजे आपण सुधारलो, असं तुम्ही धरून चालला आहात. याचीच मला सर्वात जास्त काळजी वाटते. नील गॅरेट, टाली शारोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःच्या फायद्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं बोलताना मेंदूतल्या अमिग्डला या, भावनांशी संबंधित भागाचा प्रतिसाद मंदावत गेला आणि खोटं मोठं होत गेलं. तो प्रयोग पैशांच्या खेळाचा होता, तुमच्या ऑफिसचा नव्हे. पण टोचणी थांबली याचा अर्थ फक्त सवय झाली, असाही असू शकतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

छोट्या थापा सोडल्यात, त्याचं मला खरंच कौतुक आहे. रोजच्या बोलण्यातला खोटेपणा सोडणं सोपं नसतं. मात्र ‘निघाले’ऐवजी ‘अजून आवरतेय’ म्हणण्यात तुमचं काही जात नाही. इथे जाणार आहे.

आणि ती विसरलेली नाही. चारचौघांत न केलेल्या चुकीसाठी ऐकून घेतलेलं कुणी विसरत नाही. चूक आपली नाही हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते आकडे कुणी भरले होते, हेही बहुधा माहीत असेल. ती बोलत नाही, कारण तुम्ही तिच्या वरच्या पदावर आहात.

तेव्हा आधी साहेबांकडे जा. आधी तिला सांगितलंत तर ते गुपित सांभाळायचं की तक्रार करायची, हा पेच तिच्यावर पडेल. ‘त्या रिपोर्टमधली चूक माझी होती. तिला बोलणी बसली तेव्हा मी गप्प राहिले. हे त्याच वेळी सांगायला हवं होतं.’ एवढंच म्हणा. पुढे ‘पण’ जोडू नका, कामाचा ताण वगैरे मध्ये आणू नका. मग हेच मेलवर लिहून पाठवा आणि तिच्या अप्रेझलमध्ये दुरुस्ती करायला सांगा. बोलणी सगळ्यांसमोर बसली होती, म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा. त्या मीटिंगआधी तिला एकटीला भेटा. काय केलं आणि आता काय दुरुस्त केलं ते सांगा, माफी मागा, पण ‘माफ केलंस ना?’ असं विचारू नका. तिला चिडू द्या, गप्प बसू द्या. तुमच्यासमोर रडायची किंवा तुम्हाला समजून घ्यायची जबाबदारी तिची नाही.

साहेबांचा तुमच्यावरचा विश्वास कमी होईल, कदाचित बढतीही लांबेल. तसं होणार नाही, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. ती मुलगी पुढे कधीच तुमच्याशी मोकळेपणाने वागणार नाही, हेही शक्य आहे. तरीही तिच्या नावावरची चूक पुसली जाईल, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता.

वही बंद करू नका. मात्र साहेबांची वेळ उद्याच मागून घ्या.

तुमची,
ताई