दादरच्या वावरात कुट्टू पेरावा का?

प्रश्न : सासऱ्यांना शुगर आहे. नवरात्रापासून ते उपासाला कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या पुऱ्या खायला लागले आणि आता रोजच्या भाकरीलाही तेच पीठ हवं म्हणतात. दिरांना मोबाइलवर कळलं, की परदेशात यावर मोठं संशोधन झालंय, शुगर उतरते आणि पीक अडीच-तीन महिन्यांत हाती येतं. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, अर्ध्या एकरात यंदा कुट्टू टाकायचा म्हणतात. काय करावं?
– एक वाचक भगिनी, ता. चोपडा

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांचं बघू, वावराचं नंतर.

संशोधन झालंय, ते खरंच आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात २००३ साली मधुमेह झालेल्या उंदरांना कुट्टूच्या दाण्याचा अर्क पाजला, तेव्हा खाण्यानंतरची साखर १२ ते १९ टक्क्यांनी कमी भरली. पण तो अर्क होता आणि ते उंदीर होते. तुमच्या घरी माणूस आहे आणि कढईत पुरी आहे. शंभर ग्रॅम कुट्टूत सत्तरेक ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत जवळपास तेवढीच. रुटिन नावाच्या ज्या द्रव्याचं एवढं कौतुक चाललंय, ते भरपूर सापडतं कडू जातीत, हिमाचलाकडे जिला फाफर म्हणतात तिच्यात. साध्या कुट्टूत ते खूप कमी. सासऱ्यांनी यापायी गोळी चुकवली तर मला फार वाईट वाटेल, म्हणून स्पष्ट लिहिते : गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायची नाही.

कुट्टूत गुण आहेतच. ग्लुटेन नाही, आणि ज्वारीत कमी पडणारं लायसिन (प्रथिनांचा एक घटक) त्यात चांगलं आहे. पण आपल्या कळण्याच्या भाकरीत उडीद कशाला घालतात? तीच उणीव उडीद भरून काढतो. दादर आणि उडीद घरचे असताना रोजची भाकरी बदलण्याचं कारण मला दिसत नाही.

उपासाला खायचंच असेल तर पिठाची काळजी घ्या. या पिठात तेलाचा अंश असतो. ते लवकर खवट होतं, आणि ओल लागली की बुरशी धरते. २०११च्या चैत्र नवरात्रात दिल्ली आणि आसपास कुट्टूचं पीठ खाऊन शेकडो लोक आजारी पडले होते. चिमूटभर पीठ तळहातावर चोळून हुंगा. जुन्या तेलासारखा वास आला तर टाकून द्या. अख्खा दाणा मिळाला तर तोच आणून लागेल तेवढा दळा. आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला थोडंच द्या. काहींना याची जबर अ‍ॅलर्जी असते, इतकी की जपानमध्ये पाकिटावर तसं छापणं सक्तीचं आहे.

आता वावर. कुट्टूच्या एकाच शेतात दोन तऱ्हेची झाडं असतात. एकाच्या फुलात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, दुसऱ्यात नेमकं उलट. एका तऱ्हेचे परागकण दुसऱ्या तऱ्हेच्या फुलावर पडले तरच दाणा धरतो, आणि हे काम करतात मुख्यतः मधमाश्या. आजूबाजूला फवारण्या चालू असतील तर झाड फुलांनी पांढरं होईल आणि दाण्याच्या नावानं शंख. त्यात फुलोऱ्यात पारा तिशीच्या वर गेला की दाणा धरणं झपाट्यानं घटतं, आणि आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी तो तिशीला टेकतो. फूल खालून वर येत राहतं. खालचे दाणे पिकून गळायला लागतात तेव्हा वर कळ्याच असतात. कापणी कधी करायची, हा प्रश्न हिमाचलातल्या शेतकऱ्यालाही सुटलेला नाही.

छत्तीसगडच्या मैनपाटावर तिबेटी वसाहतीतले लोक हिवाळ्यात कुट्टू घेतात. पण मैनपाट म्हणजे उंच, थंड पठार. आपल्याकडे तोरणमाळावर करून बघायला हरकत नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत अर्धा एकर अडकवू नये असं माझं ठाम मत आहे. दिरांची हौस मोडू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन वाफे टाकू द्या, पाणी साचू देऊ नका, आणि माश्या किती येतात ते सकाळी उभं राहून पाहायला सांगा. माल विकणार कुठे, हेही पेरणीआधी विचारा.

एक मात्र विसरू नका. दादरचा कडबा गुरांना निर्धास्त घालता, तसा कुट्टूचा हिरवा पाला घालू नका. पानाफुलांत फॅगोपायरिन नावाचं द्रव्य असतं. ते पोटात गेल्यावर जनावर उन्हात राहिलं तर अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी सुजते, सोलते. आपलं ऊन तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : कुट्टू धान्य आहे की नाही? उपासाला चालतो का?
– एक वाचक, साक्री

उत्तर : गहू, ज्वारी, बाजरी गवताच्या कुळातली. कुट्टू त्या कुळातला नाही; तो आपल्या आंबट चुक्याचा भाऊबंद. पण भगर तर गवताच्याच कुळातली, आणि ती आपण उपासाला बिनदिक्कत खातो. तेव्हा हे वनस्पतिशास्त्राला विचारू नका, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.