टिमोलॉल टाकल्याने डोळ्यातलं नायट्रिक ऑक्साइड कमी होतं का?

प्रश्न: आईला काचबिंदू आहे, रोज दोन वेळा टिमोलॉल टाकते. मामेभाऊ अमेरिकेत असतो, त्याच्या सासऱ्यांना नायट्रिक ऑक्साइड (शरीरातच बनणारा, नसा सैल करणारा वायू) सोडणारे ड्रॉप्स दिलेत. तो म्हणतो टिमोलॉल ॲड्रेनलिनचा सिग्नल अडवतं म्हणजे डोळ्यातलं नायट्रिक ऑक्साइड पण घटत असणार. आईचं औषध बदलायचं का?
– एक वाचक भगिनी, लालबाग

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे आईचे ड्रॉप्स आज पण टाका आणि उद्या पण. मनाने बंद केले तर डोळ्यातलं प्रेशर परत चढतं आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

भाऊ बोलतोय त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर ॲड्रेनलिनचा सिग्नल झेलणारे अल्फा-२ रिसेप्टर असतात, काही ठिकाणी बीटा पण (टिमोलॉल अडवतं ते हे बीटा), ते चाळवले की तिथे नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि नस सैल पडते, म्हणून त्याला वाटलं की बीटा अडवला म्हणजे सगळंच गेलं. पण टिमोलॉलचं मुख्य काम सिलिअरी बॉडीत चालतं, जिथे डोळ्यातलं पाणी बनतं, ते पाणी कमी बनवतं. नायट्रिक ऑक्साइड काम करतं ते पाणी बाहेर जायच्या जाळीवर, तिथल्या पेशी सैल होतात आणि पाणी निघून जातं. एक नळ बारीक करतो, दुसरा मोरी मोकळी करतो, मग भांडण कुठे आलं? जपानमध्ये निप्राडिलॉल नावाचे ड्रॉप्स वापरले गेलेत, त्यात एकच औषध बीटा अडवतं आणि वर नायट्रिक ऑक्साइड पण देतं.

अमेरिकेतलं औषध बहुतेक लॅटानोप्रोस्टीन ब्युनॉड असेल, तिथे २०१७ मध्ये मंजूर झालं, डोळ्यात गेल्यावर त्यातून लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्याच औषधाचं ॲसिड आणि नायट्रिक ऑक्साइड दोन्ही सुटतात. चांगलं औषध आहे, पण म्हणून आईचं वाईट ठरत नाही. आणि नायट्रिक ऑक्साइड जितकं जास्त तितकं बरं असंही नाही हां, सूज आल्यावर ते भरमसाट बनतं तेव्हा रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या पेशींना मारक ठरतं.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. आईला दमा आहे का, नाडी मंद आहे का? टिमोलॉल डोळ्यातून नाकात उतरून थेट रक्तात जातं, त्यामुळे दम्यात ते चालतच नाही. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबून धरायला सांगा, आणि जिना चढताना धाप लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, जाताना बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी पण न्या.