टांकसाळ म्हणजे नेमकं काय, नवीन नाणेवाल्या भावासाठी

भावा, टांकसाळ म्हणजे नाणी पाडायचा कारखाना, एवढं तर तुला माहीतच असेल. मूळ संस्कृत टंकशाला, आणि टंक म्हणजे छाप मारलेलं नाणंही आणि दगड फोडायची छिन्नीही, देव घडायला टाकीचे घाव सोसावे लागतात म्हणतो ना, ती टाकी. टाकसाळ लिहिलंस तरी चालतंय, त्यावरनं भांडत बसू नको. बोलण्यात मात्र ‘त्यानं काय पैशाची टांकसाळ काढलीय का’ असं म्हटलं की कारखाना नाही, फुकटचा पैसा.

सुरुवातीला एवढंच बघ:
- टांकसाळ ही जागा. ठसा म्हणजे ज्यानं मारतात तो साचा, छाप म्हणजे नाण्यावर उमटलेलं चित्र. नवीन लोक इथंच घोळ घालतात.
- घरातलं चिल्लर काढ, भिंग घे, सालाखाली बघ. पत्त्यातल्यासारखी चौकट दिसली तर मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. जुन्या नाण्यांच्या खुणा वेगळ्या असत्यात, त्यात आत्ताच शिरू नको.
- नाणं घासू नको रे बाबा! मी पहिली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, चिंच लावून लख्ख केली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ मधला ‘श्री’च पुसट झाला, मग गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दाखवायला नेली तर समोरचा नुसता हसला.

आणि ‘दुर्मिळ’ म्हणून कोण दोन रुपयाचे हजार मागत असला तर खिशातला हात खिशातच ठेव. दहा-वीस नाण्यांच्या खुणा वहीत उतरव, मग सांग काय काय निघालं.