कागद आधी, कॉलेज नंतर

सांगली, ऑगस्ट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. बारावीनंतर थेट लॉ करायचं, पुढे न्यायाधीश व्हायचं, हे तू ठरवलंस आणि बाबांनी "आधी वकीलकाकांना विचार" असं सांगितलं, याचं फार बरं वाटलं. तू विचारलंस की पुणं बरं की सांगली, पाच वर्षांचा कोर्स करू की तीन वर्षांचा, आणि क्लास लावू का. तिन्हींची उत्तरं देतो. पण आधी तू न विचारलेलं सांगतो. आपल्याकडची पोरं सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, फारशी मागे राहत नाहीत. मार्क पडतात, नंबरही बरा लागतो, आणि मग जून-जुलैत तहसीलच्या पायऱ्यांवर रडकुंडीला आलेली दिसतात. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे पत्र लांबणार आहे.

तू ओबीसीतून अर्ज करणार. जातीचा दाखला नववीतच काढलाय असं लिहिलंस, छान. पण प्रवेशाला तेवढ्यावर भागत नाही. त्या दाखल्याची पडताळणी, म्हणजे ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात ती, लागते. सायन्सच्या मुलांच्या मागे कॉलेज अकरावीपासूनच व्हॅलिडिटीसाठी लागतं, कारण त्यांना इंजिनिअरिंग-मेडिकलला जायचं असतं. आर्ट्सच्या वर्गात येऊन हे फारसं कोणी सांगत नाही. त्यामुळे तूच उद्या प्राचार्यांच्या कार्यालयात जा, पडताळणीसाठी कॉलेजचं पत्र माग आणि ऑनलाइन अर्ज भरून जिल्हा जात पडताळणी समितीकडे दे. दिवाळीपर्यंत थांबू नकोस.

यातली खरी मेहनत पुराव्याची. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा बघतात. तुझे बाबा त्यानंतर जन्मले, म्हणजे आजोबांपर्यंत जावं लागणार. आजोबा गावच्या ज्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा हा सगळ्यात चांगला कागद. तो मागायला जाशील तेव्हा नुसती नक्कल घेऊन परतू नकोस. मुख्याध्यापकांना विनंती करून मूळ नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघ. जातीचा रकाना वाच, त्यात खाडाखोड आहे का पाहा, जन्मतारीख आणि शाळेत दाखल झाल्याची तारीख वहीत लिहून घे. जुन्या रजिस्टरात आडनाव बऱ्याचदा नसतंच. "बाळू रामा" एवढंच लिहिलेलं असतं. मग हा बाळू रामा म्हणजे तुझेच आजोबा हे दाखवावं लागतं. त्यासाठी तलाठ्याकडून जमिनीचे जुने फेरफार काढ. वारसनोंदीच्या फेरफारात "मयत रामा, वारस मुलगा बाळू" अशी ओळ सापडली आणि पुढच्या फेरफारात बाळूच्या वारसांत तुझ्या बाबांचं नाव पूर्ण सापडलं, की साखळी जुळली. वंशावळीचं शपथपत्र याच क्रमाने करायचं. चुलत्यांपैकी किंवा चुलत भावंडांपैकी कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर तिची प्रत नक्की जोड, काम पुष्कळ हलकं होतं. नात्यातला अबोला असला तरी यासाठी त्यांच्या दारात जायला लाजू नकोस.

दुसरा कागद नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही याचा दाखला. त्यावर मुदत असते, बहुतेक ३१ मार्चची. यंदा काढलेला दाखला पुढच्या जूनमध्ये चालेल का, हे आजच बघून ठेव. "दाखल्याच्या अर्जाची पावती जोडली तरी चालतं" असं दरवर्षी कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. तशी सवलत कधी मिळते, कधी नाही, आणि मिळाली तरी मूळ प्रमाणपत्र द्यायला मुदत असतेच. पावतीच्या भरवशावर राहायचं नाही. डोमिसाईल आणि उत्पन्नाचा दाखला आपले सरकार केंद्रातून निघतो, त्याबद्दल वेगळं काही सांगत नाही. फक्त दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर तुझं नाव एकाच स्पेलिंगने आहे ना, हे आज रात्री तिन्ही शेजारी ठेवून तपास.

आता परीक्षा. बारावी झाल्यावर पाच वर्षांच्या लॉसाठी दोन वाटा आहेत आणि त्या पुष्कळ वेगळ्या आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. क्लॅट अलीकडे डिसेंबरात होते आणि तिचे अर्ज आत्ताच, पावसाळ्यात सुरू असतात. १२० प्रश्न, दोन तास, सगळा पेपर इंग्रजीतून, लांबलचक उतारे वाचून उत्तरं द्यायची, आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. दुसरी राज्याची लॉ सीईटी. तिथे इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतूनही असतात आणि चुकीला मार्क कापत नाहीत. म्हणून सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडून उठू नकोस.

तू क्लॅट द्यावीस असं माझं मत आहे. तुझं इंग्रजी वाचन अजून सावकाश आहे हे मला ठाऊक आहे, आणि राष्ट्रीय विद्यापीठांची वर्षाची फी लाखांत जाते हेही खरं. तरी दे. डिसेंबरपर्यंत रोज इंग्रजी वाचायची सवय लागेल आणि ती उन्हाळ्यातल्या सीईटीला उपयोगी पडेल. फक्त क्लॅटच्या अर्जाची फीही हजारांत आहे, म्हणून आधी बाबांशी बोल. त्यांना जड जात असेल तर क्लॅट सोड, मन खट्टू करू नकोस. सीईटीतून तुला हवं ते सगळं मिळू शकतं.

क्लासबद्दल. सांगलीला येऊन-जाऊन रोजचे तीन तास एसटीत घालवण्याइतका कुठलाही क्लास मोलाचा नाही. जुन्या प्रश्नपत्रिका सोडव, मराठी दैनिकाचं संपादकीय आणि इंग्रजी दैनिकाचं एक पान रोज वाच, आणि भारताचं संविधान मराठीतून मूळ वाच, गाईड नको. एक मात्र सांभाळ. गावातल्या ताईची जुनी पुस्तकं वापरणार असलीस तर छपाईचं वर्ष बघ. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालंय, आणि ज्याला सगळा महाराष्ट्र चारशेवीस म्हणतो ते कलम ३१८ मध्ये गेलंय. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांचंही तसंच. जुनं पुस्तक घोकलंस तर सामान्यज्ञानात चुकशील आणि पहिल्या वर्षाला पुन्हा सगळं विसरावं लागेल.

सीईटी झाली की कॅप राऊंड, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या. इथे नीट लक्ष दे, कारण चांगला नंबर असून वाया गेलेल्या जागा मी या टप्प्यावर बघितल्या आहेत. नोंदणी करताना मोबाइल नंबर आणि ईमेल तुझाच टाक. ई-सेवा केंद्रातला मुलगा घाई असली की स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. मग कागदात त्रुटी निघाल्याचा मेसेज त्याला जातो, दुरुस्तीची दोन-चार दिवसांची मुदत संपते, आणि ज्याचा अर्ज आहे त्याला पत्ताच नसतो. लॉगिनचा पासवर्ड तुझ्या वहीत हवा.

मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी. सगळ्यात जास्त गैरसमज या यादीबद्दल आहेत. "मोठं कॉलेज वर टाकलं तर खालचं हातचं जातं" हे तुला शंभर जण सांगतील. ते खोटं आहे. गुणवत्ता यादीत तुझा नंबर आला की संगणक तुझी यादी वरून खाली वाचत येतो. पहिल्या कॉलेजात तुला मिळू शकेल अशी जागा उरली असेल तर ती देतो, नसेल तर दुसरं बघतो, मग तिसरं. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्या कॉलेजातला तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. तेव्हा यादी मनापासून लिही: सगळ्यात जास्त जे हवं ते वर, मग त्याखालचं. आणि जिथे मिळालं तरी जाणार नाहीस ते कॉलेज यादीत घालूच नकोस, कारण पहिल्याच पसंतीचं मिळालं तर बहुधा तिथेच प्रवेश पक्का करावा लागतो. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. नुसता पहिल्या फेरीचा बघू नकोस, शेवटच्या फेरीचाही बघ, आणि आपल्या प्रवर्गाचा बघ. फेऱ्यांचे नियम वर्षागणिक थोडे बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेन्सिल घेऊन स्वतः वाच. कंटाळवाणी असते. पण नियम स्वतः वाचायचा, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही, हेच तर तुला जन्मभर करायचं आहे.

पुणं की सांगली? मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. या दोन्हींपैकी एक मिळालं तर डोळे झाकून जा, राहण्या-जेवणाचं आपण बघू. ते मिळालं नाही, तर केवळ पत्त्यात पुणं यावं म्हणून कुठल्याही खासगी कॉलेजात जाऊ नकोस. सांगलीत सोटी लॉ कॉलेज आहे, भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज आहे, साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज, कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज. पाच वर्षांच्या जागा कुठे किती ते त्या वर्षीच्या तक्त्यात बघ.

जवळच्या कॉलेजात शिकण्याला आता पूर्वीपेक्षा जास्त अर्थ आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, कोल्हापुरात बसायला लागलं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची कामं तिथे चालतात. आपल्या भागातल्या वकिलांनी त्यासाठी कित्येक दशकं आंदोलनं केली. पूर्वी जतच्या शेतकऱ्याला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची, वकिलाचा आणि लॉजचा खर्च सोसावा लागायचा. आता सांगलीत शिकणारी मुलगी कॉलेज सुटल्यावर जिल्हा न्यायालयात उलटतपासणी ऐकू शकते आणि सुट्टीत कोल्हापूरला जाऊन उच्च न्यायालयातला युक्तिवाद. पाच वर्षांच्या कोर्सला किमान वीस आठवडे इंटर्नशिप बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमानेच करावी लागते. ती नुसत्या सही-शिक्क्यापुरती न उरकता करायची असेल तर कोर्ट जवळ हवं. खालच्या कोर्टाची भाषा मराठी, उच्च न्यायालयाची इंग्रजी. दोन्ही कानावर पडू देत.

"हजेरीचं टेन्शन नाही" असं सांगणाऱ्या कॉलेजपासून मात्र लांब राहा. सत्तर टक्के हजेरीचा नियम आहे, आणि तो मोडायला मदत करणारं कॉलेज तुला शिकवणारही नाही. तसंच "सीट मॅनेज करून देतो" म्हणणारा भेटला तर बाबांना त्याच्याशी बोलूही देऊ नकोस. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मागच्या दाराने घेतलेल्या जागेवर ही माफी नाही, म्हणजे डोनेशनही जाणार आणि फीही. कॅपमधून प्रवेश झाला की महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर माफीचा अर्ज भरायचा, तो दरवर्षी भरायचा.

पाच की तीन? तुझा निर्णय पक्का आहे, म्हणून पाच. बीए करून मग तीन वर्षांचं लॉ केलंस तर एक वर्ष जास्त जातं, आणि तुला ते वर्ष लागणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ ला निकाल दिला की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांची वकिली हवी. म्हणजे पदवी हातात आली की लगेच परीक्षा, असं होणार नाही. मधली तीन वर्षं कुणातरी वकिलाच्या हाताखाली काढायची आहेत, आणि सुरुवातीला हातात फार पैसे येत नाहीत. घरी हे आत्ताच सांगून ठेव, नाहीतर तेविसाव्या वर्षी लग्नाचा विषय निघेल तेव्हा तुला एकटीला भांडावं लागेल. सनदेच्या, म्हणजे वकील म्हणून नोंदणीच्या, फीचं ओझं मात्र कमी झालंय. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवाराची नोंदणी फी ७५० रुपयांवर आणून ठेवली; त्याआधी बार कौन्सिल हजारोंनी घेत होत्या.

या महिन्याच्या चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी आहे. बाबांना घेऊन सकाळी ऑफिसात ये. जातीचा दाखला, तुझा आणि बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, सात-बारा, आधार, दहावीची गुणपत्रिका, सगळं मूळ आण आणि दोन-दोन झेरॉक्स काढून आण. आजोबांच्या शाळेचा उतारा तोवर मिळाला नसेल तरी येच. शाळेला द्यायचा अर्ज तू लिही, मी तपासतो.

तुझा,
वकीलकाका