भ्रूणतपासणीचा रिपोर्ट चुकला, आता केस करता येईल का?

प्रश्न : आम्ही दोघंही थॅलेसेमियाचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (आजार नाही, पण सदोष जनुक आहे). म्हणून आयव्हीएफ करून भ्रूणांची जनुकीय तपासणी करून घेतली. 'बाधित नाही' असा रिपोर्ट आलेला भ्रूण ट्रान्सफर केला. बाळ आता दहा महिन्यांचं आहे आणि त्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार निघालाय. डॉक्टर म्हणतात, तुम्ही संमतीपत्रावर सही केलीय, आता काही होणार नाही.

उत्तर : ताई, सही केली म्हणून दाद मागायचा हक्क जात नाही. पण नुसता रिपोर्ट चुकला एवढ्यावर केस टिकणारही नाही. नसबंदी फसल्याच्या शिवराम खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपयश म्हणजे आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. तुमचा समोरचा पक्ष याच निकालावर बोट ठेवेल.

या तपासणीत भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्याच पेशी काढतात. एवढ्याशा डीएनएच्या प्रती वाढवताना कधी जनुकाची एक बाजू (आईकडून किंवा वडिलांकडून आलेली) निसटते, आणि बाधित भ्रूण वाहक म्हणून पास होतो. हा धोका लॅबना चांगला ठाऊक असतो. म्हणून जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा आईवडिलांच्या डीएनएशी ताडून पाहतात. तुमच्या बाबतीत ते केलं होतं का, हे लेखी विचारा.

माझ्या मते केसचा खरा जोर वेगळ्याच प्रश्नावर आहे. दिवस राहिल्यावर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेची किंवा पुढे गर्भजलाची तपासणी करून खात्री करून घ्या, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? नसेल, तर पुरेशी माहिती देऊन संमती घ्यायला हवी, हा समीरा कोहली खटल्यातला (2008) निकाल तुमच्या बाजूने येतो. सांगूनही तुम्ही नकार दिला असेल, तर मात्र बाजू लंगडी पडते. ते वकिलापासून लपवू नका.

आजच क्लिनिक आणि लॅब दोघांनाही पत्र द्या : सगळी कागदपत्रं हवीत, आणि भ्रूणाचा उरलेला डीएनए नष्ट करू नये. तो बाळाच्या डीएनएशी जुळवला की भ्रूण बदलला गेला का, हे कळतं. 'गर्भधारणा नैसर्गिक झाली असेल' या बचावालाही तेच उत्तर.

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची. ती निदानापासून मोजावी असं आपण म्हणू, पण समोरचे रिपोर्टच्या तारखेपासून मोजतील. ती तारीख बघा, दोन वर्षं भरत आली असतील. त्याआत तक्रार दाखल करा, आणि बाळाला रक्त चढवल्याचं प्रत्येक बिल जोडा, कारण पुढच्या उपचारांचा खर्चही मागायचा आहे.