जर्मनीत एमएसला जायचंय? सोलापूरहून निघण्याआधी एवढं बघून घे

तू तीन गोष्टी विचारल्यास: तिकडे विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, पार्टटाइम नोकरीवर खर्च भागतो का, आणि फिरायला मिळतं का. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि ऑक्टोबरच्या सेमिस्टरला जायचंय, हे धरून लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. तिथं विषय अवघड जातो म्हणून मुलं अडकतात हे खरं, पण तारीख चुकली किंवा कागद राहिला म्हणूनही तेवढीच अडकतात. आणि आठवण करून द्यायला तिथं कुणी नसतं.

सुरुवात नावापासून. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर तेच दोन खान्यांत विभागलेलं. एपीएसच्या (व्हिसाआधी आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) अर्जापासून बँकेपर्यंत सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिही. वडिलांचं नाव तुझ्या नावाच्या खान्यात असेल तर ते कुठेही गाळू नकोस, नाहीतर विद्यापीठाच्या लेखी तू एक आणि विमा कंपनीच्या लेखी दुसराच. एपीएस प्रमाणपत्राला १८,००० रुपये लागतात. हातात दोनेक महिने ठेव.

फीबद्दल एजंट 'सगळं फुकट' म्हणतात, ते अर्धंच खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी सुरू केली आहे. एजंटने सुचवलेलं विद्यापीठ सरकारी आहे की खाजगी, हे त्याच्या तोंडून नव्हे, विद्यापीठाच्या साइटवरून बघ.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडायच्या आणि दरमहा ठरावीकच रक्कम सोडणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ सुटतात. त्यातले साधारण १४०-१५० आरोग्य विम्याला. होस्टेलची खोली मिळाली तर ३०० ते ४५०, म्युनिकसारख्या शहरात बाहेर राहिलास तर पुष्कळ जास्त. गोची पहिल्या महिन्यात होते. तिथलं बँक खाते उघडेपर्यंत हे पैसे सुटत नाहीत आणि घरमालक डिपॉझिट मात्र आधी मागतो. मूळ भाड्याच्या तिप्पट डिपॉझिट कायद्यानेच घेता येतं. म्हणून फॉरेक्स कार्डावर १,५०० युरो वेगळे ने. जाहिरातीत 'काल्ट' भाडं लिहिलेलं असेल तर हीटिंग वगैरे त्यात नाही. 'वार्म' आकडा विचारायचा. होस्टेलचा अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी टाक, रांग लांब असते.

राहायला गेल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. पासपोर्ट आणि घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. अपॉइंटमेंट आठवडे-आठवडे मिळत नाही, तेव्हा इथूनच ऑनलाइन स्लॉट बघत राहा. मग टॅक्स नंबर पोस्टाने येतो आणि तिथं एक बारीकशी गोष्ट आडवी येते: टपालपेटीवर तुझं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. पत्त्यात खोली क्रमांक असून भागत नाही, तो नाव बघतो. किल्ली मिळाली की त्याच संध्याकाळी कागदावर आडनाव लिहून पेटीवर चिकटव. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं त्याच पेटीत येतं.

नोकरीचं. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायला परवानगी आहे. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आणि 'मिनीजॉब'ची, म्हणजे कमी तासांच्या छोट्या नोकरीची, कमाईची मर्यादा महिन्याला ६०३, म्हणजे महिन्याला ४३ तास. भाषा येत नसेल तर गोदाम, डिलिव्हरी, भांडी. पहिल्या सेमिस्टरला नोकरीतून शून्य मिळणार असं धरूनच घरी हिशेब मांड. बी१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन करून गेलास तर यादी बरीच लांबते.

आता अभ्यास. इथल्या एटीकेटीची सवय तिथं महागात पडते. लेक्चरला हजेरी बहुधा नसते, इंटर्नल नसतात, शेवटी एकच पेपर. त्या पेपरला वेगळी नोंदणी करावी लागते, तीही सेमिस्टरच्या मध्येच, ठरलेल्या दिवसांत पोर्टलवर. ती राहिली तर अभ्यास कितीही झालेला असो, पेपर पुढच्या वेळी. बहुतेक ठिकाणी तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदा सक्तीच्या विषयात नापास झालास तर त्या कोर्समधून नाव कमी होतं आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. मार्क उलटे: १.० उत्तम, ४.० काठावर पास. सेमिस्टरचे ३० क्रेडिट, एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरलेले. दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, जेवण स्वस्त असतं, शाकाहारी काही ना काही मिळतंच.

फिरणं होतं, आणि स्वस्तात होतं. बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टरच्या वर्गणीतच देशभर चालणारं तिकीट येतं. एरवी तेच महिन्याला ६३ युरोला पडतं. ते फक्त लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतं, आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, चढलास तर दंड. खरेदी शनिवारीच उरकायची, रविवारी दुकानं बंद. सोलापूरच्या नवी पेठेतल्या रविवारच्या गर्दीत वाढलेल्या पोराला ते सामसूम रस्ते पहिल्यांदा खायला उठतात. डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो; हिवाळ्यात आपल्यापेक्षा घड्याळ साडेचार तास मागे, त्यामुळे आई रात्री नऊला फोन करते तेव्हा तू लायब्ररीतच असतोस. जिम किंवा क्रिकेट क्लब पहिल्याच महिन्यात धर, नोव्हेंबर उजाडल्यावर उठवत नाही. रात्री दहानंतर आवाज नको.

बॅगेबद्दल. शेंगाची चटणी, काळा मसाला, कडक भाकरी चालतात. तूप, पेढे, खवा, मांस अजिबात नको, युरोपात दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण जुनं असतं, चिकटपणा गेलेला. भाकरी चिरते. उकळतं पाणी घालून उकड काढली की थापता येते. शेगडी काचेची, आच नाही, म्हणून भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची. खोलगट तवा त्यावर टेकत नाही, सपाट बुडाचाच ने. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी ठेव. छताला धुराचा अलार्म असतो आणि होस्टेलमध्ये अग्निशामक गाडी उगाच आली तर बिल तुझ्या नावावर येऊ शकतं. सोलापुरी चादर एकच ने. खोलीत हीटर असतो आणि धुतलेली जाड चादर हिवाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही.