वाचकांचे प्रश्न : सदतिसाव्या वर्षी मशीनवर?

प्रश्न : नमस्कार दादा. कात्रजला राहतो, वय 37, बी.कॉम. 12 वर्षं एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिलिंग बघतोय, आता बिलं सॉफ्टवेअरच काढतं आणि मी दिवसभर त्यातल्या चुका शोधत बसतो. मेव्हण्याचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, तिथे तीन-चारदा गेलो आणि तेव्हापासून डोक्यात तेच. एका क्लासवाल्याने सांगितलंय तीन महिन्यांत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्रामर करतो, फी 45 हजार. बायको म्हणते, आता काय आयटीआयच्या पोरांसोबत बाकावर बसणार का? उशीर झालाय का? आणि क्लास लावू का?

उत्तर : आधी वहिनींचा प्रश्न. आयटीआयला वय किमान 14 लागतं, वरची मर्यादा नाही, त्यामुळे बाकावर बसायला कुणी अडवणार नाही. पण फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड 2 वर्षांचे, वेल्डर 1 वर्षाचा, आणि ते दिवसाचं पूर्णवेळ शिक्षण आहे. घरभाडं, पोरांच्या फिया चालू असताना दोन वर्षं पगाराशिवाय काढणं बऱ्याच जणांना जमत नाही, तुम्हाला जमत असेल तर रस्ता चांगला आहे, नसेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका, दुसरे रस्ते आहेत.

क्लास मात्र आत्ता नको. कायमचा नको असं म्हणत नाही, आत्ता नको. कारण सांगतो.

ड्रॉइंगवर एखाद्या भोकाला नुसतं 25 H7 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या मध्ये बसलं पाहिजे, म्हणजे मोकळीक 21 मायक्रॉनची. आता तुमच्या हातात साधा व्हर्नियर दिला तर त्याचा लीस्ट काउंटच, म्हणजे तो मोजू शकतो ते सगळ्यात लहान माप, 0.02, म्हणजे जवळपास तेवढाच! त्याने हे भोक पास का नापास ते सांगताच येत नाही, तिथे भोक तपासायचा प्लग गेज लागतो नाहीतर बोअर गेज. हे ज्याला कळत नाही त्याने कितीही झकास प्रोग्राम लिहिला तरी तो बाद पीसच काढणार, फक्त पटापट काढणार. म्हणून आधी मोजायला आणि ड्रॉइंग वाचायला शिका. जी कोड, एम कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, नंतर येतातच, ते काही फार अवघड नाहीत, अवघड आहे ते त्यातलं टिंब.

टिंबाची गोष्ट माझी स्वतःचीच. मी 11 वर्षं लक्ष्मी रोडला साड्या दाखवल्या आणि 33व्या वर्षी भोसरीत आलो. दीड वर्षाने पहिल्यांदा एकट्याने व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या टूलच्या सीएनसी मशीनवर, प्रोग्राम टाकला, टूल वर घ्यायला Z100. लिहायचं होतं, मी Z100 लिहिलं, टिंब राहिलं. आमच्या कंट्रोलवर टिंब नसलं की आकडा मायक्रॉनमध्ये धरला जायचा, म्हणजे 100 मिलिमीटरऐवजी 0.1. टूल जॉबच्या, म्हणजे कापायच्या पीसच्या, अंगाला चिकटूनच राहिलं आणि पुढच्या ओळीत रॅपिडने, म्हणजे पूर्ण वेगाने, आडवं गेलं ते थेट पीस धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये. तो आवाज अजून ऐकू येतो. कटर गेला, क्लॅम्प वाकला, आणि सुपरवायझर एक शब्द बोलला नाही, नुसता झाडू आणून माझ्या हातात दिला. साडीच्या बिलात टिंब चुकलं असतं तर गिऱ्हाईकाने दुरुस्त करून घेतलं असतं.

आता तुमचं बघा. 12 वर्षं दुसऱ्याच्या चुका पकडल्यात, हे भांडवल कमी नाही. पहिल्याच दिवशी मशीनवर उभं राहायचा हट्ट धरू नका. इन्स्पेक्शन, डिस्पॅच, स्टोअर इथे चलन आणि पीसची संख्या जुळवणारा, रिपोर्टमध्ये आकडा नीट भरणारा माणूस हवाच असतो. तिथून आत शिरा आणि दुपारच्या चहाला सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याच्या, शेजारी बसा, मी तसंच शिकलो.

सुरुवात कुठून, तर मेव्हण्याकडूनच. आणि इथे भोसरी तुमच्या सोयीची आहे, एमआयडीसीत सुट्टी साधारण गुरुवारी असते आणि रविवारी मशिनी चालू. तुमची सुट्टी बहुतेक रविवारीच असेल, मग नोकरी न सोडता सलग 12-15 रविवार जाऊन बघा. पाहुणा म्हणून खुर्चीत बसून नाही हं, कानस घेऊन पीसच्या कडेचा बर, म्हणजे धारदार कंगोरा, काढायला, पीस पुसायला, मोजून वहीत लिहायला. कापताना सोडतात त्या कूलंटचा वास, पायांचे गोळे, कपड्यात अडकलेला चुरा, हे सगळं आधी कळू दे. मेव्हण्याला एवढंच सांगा की पाहुण्यासारखं वागवू नको. सेफ्टी शूज मात्र स्वतःचे घ्या आणि पहिल्याच रविवारी घ्या.

पैशाचं स्पष्ट सांगतो, पहिलं वर्ष-दीड वर्ष पगार आत्तापेक्षा कमी येईल असं धरून चला आणि सहा महिन्यांचा किराणा अन् हप्ते बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आणखी एक, कात्रज ते भोसरी. फर्स्ट शिफ्ट 7 ची असेल तर पहाटे साडेपाचला घर सोडावं लागेल, पावसाळ्यात सुद्धा. वहिनींशी खरं बोलायचं ते यावर बोला, बाकावर नाही.

प्रश्न : 42 वय, मेकॅनिकल डिप्लोमा करून सेल्समध्ये गेलो, आता डिझाइनकडे वळायचंय. मित्र म्हणतो नोकरी करत एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सची परीक्षा) कर, डिग्रीच समज. करू का?

उत्तर : मित्राची माहिती जुनी आहे. एएमआयईला डिग्रीच्या बरोबरीची सरकारी मान्यता 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांना आहे, त्यामुळे आता डिग्री म्हणून त्यात वर्षं घालू नका. डिप्लोमावर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे कोर्स चालवायला एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने कॉलेजांना परवानगी दिलीय, पुण्यात सध्या कुठे चालू आहे ते थेट कॉलेजात जाऊन विचारा, एजंटाला नको. तोवर सेल्समध्ये जी वस्तू विकताय तिचं ड्रॉइंग कंपनीतून मागून घ्या आणि एक एक माप स्वतः लावून बघा.